काउंटरच्या अलीकडचा माणूस

पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील वगळून):

मी सात वर्षांपासून तोक्योत आहे, निशी-कासाई भागात राहतो. इथले आम्ही मराठी लोक गणपतीत एक छोटा कार्यक्रम करतो. यंदा प्रहसन लिहायचं काम माझ्याकडे आलं. विषय घेतला याकुझा, म्हणजे जपानमधल्या संघटित गुन्हेगारी टोळ्या. कल्पना अशी की सरकार ‘याकुझा नियमन खातं’ काढतं. टोळीवाल्यांची नोंदणी होते आणि ती दर तीन वर्षांनी नव्याने करावी लागते. करंगळी छाटायची असेल तर तीन प्रतींत अर्ज. हप्त्याची रीतसर पावती आणि त्यावर कर. मुलांना खाऊ वाटायला परवाना, गोल्फ खेळायला वेगळा परवाना, म्हाताऱ्या गुंडांना पेन्शन. तालमीत सगळे पोट धरून हसले. आमच्या शेजारी साठीच्या एक जपानी बाई राहतात. आमच्या मुलीवर त्यांचा फार जीव आहे. कार्यक्रमाला जपानी पाहुणेही येतात, म्हणून जपानी सारांश तपासायला मी त्यांना दिला. दोन दिवसांनी त्यांनी कागद नीट घडी घालून परत दिले, ‘माफ करा, हे मला जमणार नाही’ एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून त्या पूर्वीसारख्या बोलत नाहीत. त्या मूळच्या कोकुराच्या, तिथे बहिणीबरोबर छोटा बार चालवायच्या, एवढंच मला माहीत आहे. मित्र म्हणतात, जपान्यांना विनोद कळत नाही, तू कर बिनधास्त. बायको म्हणते, रद्द कर. कार्यक्रम तीन आठवड्यांवर आहे. काय करू?

---

आधी विचारलंत त्याचं उत्तर देते. प्रहसन रद्द करू नका. पण आत्ता आहे तसं करूही नका. आणि या दोन्हींच्या आधी त्या बाईंकडे जा. कसं जायचं ते शेवटी सांगते, कारण मधे जे सांगणार आहे ते ठाऊक नसताना गेलात तर पुन्हा चुकीचंच बोलाल.

तुमच्या प्रहसनाचा सगळा डोलारा एका गृहीतकावर उभा आहे. सरकार टोळ्यांना नियमांत बसवायला निघालं तर किती वेडगळ दृश्य दिसेल, हे ते गृहीतक. तुम्ही सहा कल्पना लिहिल्यात. त्या एकेक करून पाहू, कारण जपानमध्ये यातल्या बहुतेक गोष्टी प्रत्यक्षात आहेत.

नोंदणीपासून सुरुवात करू. १९९१ साली जपानने टोळीविरोधी कायदा केला आणि तो १ मार्च १९९२ पासून लागू झाला. जपानी कायदा ‘याकुझा’ हा शब्द वापरत नाही. त्या शब्दाला एक रुबाब चिकटलाय. पोलीस आणि कायदा ‘बोऱ्योकुदान’ म्हणतात, म्हणजे सरळ ‘हिंसक टोळी’. या कायद्याखाली प्रत्येक प्रांताचा सार्वजनिक सुरक्षा आयोग एखादी टोळी ‘निर्देशित’ म्हणून जाहीर करतो. त्याआधी टोळीला आपली बाजू मांडायला सुनावणी मिळते. मग टोळीचं नाव, मुख्यालयाचा पत्ता आणि प्रमुखाचं नाव सरकारी राजपत्रात छापून येतं. आणि हे निर्देशन किती काळासाठी असतं? तीन वर्षं. तुम्ही गमतीत घातलेला आकडाच कायद्यात आहे.

फरक एवढाच की हा परवाना नाही. एकदा निर्देशित झाली की टोळीच्या नावाचा धाक दाखवून पैसे मागणं, वर्गणी मागणं, कर्जवसुली करणं अशा ठरावीक मागण्यांवर आयोग मनाई हुकूम काढू शकतो. तो मोडला तर शिक्षा. पूर्वी ‘मी अमुक टोळीचा’ एवढं बोलून समोर व्हिजिटिंग कार्ड ठेवलं की काम व्हायचं. धमकीचा एक शब्दही उच्चारलेला नसायचा, त्यामुळे गुन्हा सिद्ध करायचा कसा हा प्रश्न पडायचा. हा कायदा नेमका त्या न उच्चारलेल्या धमकीसाठी आहे.

करंगळीचा अर्ज घ्या. चूक केली की करंगळीचं पेर छाटून प्रमुखापुढे ठेवायचं, ही टोळ्यांची जुनी प्रथा. त्याच कायद्यात एक कलम आहे. करंगळी छाटायला कुणाला भाग पाडणं, त्यासाठी सुरा किंवा इतर साधन पुरवणं, याला मनाई. अल्पवयीन मुलाला अंगभर गोंदवून घ्यायला भाग पाडण्याविरुद्धही वेगळं कलम आहे. तुम्ही ज्यावर हशा घेतलाय, ते कलम कुणीतरी बसून गांभीर्याने लिहिलं, कारण टोळी सोडून निघालेल्या तरुणाला आधी बोट मागितलं जायचं.

खाऊचा परवाना? जपानमधली सगळ्यात मोठी टोळी यामागुची-गुमी. तिचं मुख्यालय कोबेला. हॅलोविनला ही टोळी मुख्यालयाबाहेर शेजारच्या मुलांना खाऊची पाकिटं वाटायची. २०२० साली ह्योगो प्रांताच्या विधानसभेने नियम दुरुस्त केला आणि टोळ्यांना १८ वर्षांखालच्या मुलांना खाऊ किंवा पैसे द्यायला बंदी घातली. ऐकायला मजेशीर वाटतं, मलाही पहिल्यांदा हसू आलं होतं. पण त्या गल्लीतल्या आईच्या जागी उभे राहा. ज्या घराच्या दारातून मुलगा चॉकलेटं घेऊन येतो, त्याच घराच्या टोळीत फूट पडून २०१५ पासून गोळीबार, हाणामाऱ्या सुरू होत्या. तिला नको म्हणायचंय, पण मुलाचा हात धरून ओढून आणायचं तर दारातले लोक बघतात. नियम झाला की ‘नको’ म्हणायचं ओझं तिच्या डोक्यावरून उतरतं.

गोल्फही तसंच. टोळीवाल्यांना प्रवेश नाही असं गोल्फ क्लब जाहीर करतात. आपली ओळख लपवून खेळल्याबद्दल फसवणुकीचे खटले झाले आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मार्च २०१४ मध्ये न्यायालयाने एका खटल्यात आरोपीला सोडलं आणि दुसऱ्यात दोषी धरलं, कारण दोन ठिकाणी क्लबने विचारणा किती स्पष्ट केली होती यात फरक होता.

आणि हप्त्यावरचा कर. फुकुओका प्रांतातल्या कुदो-काई या टोळीचा प्रमुख सातोरु नोमुरा याच्यावर आयकर चुकवल्याचा खटला चालला. बांधकाम कंपन्यांकडून वगैरे जमून वर पोचलेल्या पैशातला त्याचा वाटा हे त्याचं वैयक्तिक उत्पन्न आहे आणि त्यावर कर भरलेला नाही, असा आरोप होता. २०१८ साली फुकुओका जिल्हा न्यायालयाने त्याला तीन वर्षांची कैद आणि ८ कोटी येन दंड सुनावला.

राहिली पावती. ही मात्र मी मागे ठेवली होती, कारण तिच्याबद्दल मला जास्त बोलायचंय.

जपानमध्ये बार, छोटी हॉटेलं यांच्याकडून घेतल्या जाणाऱ्या हप्त्याला ‘मिकाजिमे’ची रक्कम म्हणतात. ती नुसत्या रोख पाकिटातून जाते असं नाही. गिऱ्हाईक बसलं की त्याला गरम, ओला, गुंडाळलेला रुमाल देतात तो ओशिबोरी. हे रुमाल भाड्याने येतात. टोळीशी संबंधित पुरवठादार येतो आणि बाजारापेक्षा चढ्या भावाने रुमाल लावून जातो. कोपऱ्यात ठेवायची शोभेची झाडं भाड्याने देतो. नववर्षाला दारात लावायची पाइन-बांबूची सजावट आणतो आणि तिची किंमत सांगतो. त्याचं बिल मिळतं. पावती मिळते. ती पावती दुकानदार आपल्या हिशेबात लावतो. म्हणजे तुमच्या नाटकात खात्याने शोधून काढलेली पावती टोळ्यांनी फार आधीच शोधली होती.

इथे मला घरची एक गोष्ट सांगावी लागेल. माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं, महाराष्ट्रातल्या एका मध्यम शहरात. गावाचं नाव सांगत नाही. दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला एक पोरगा यायचा. वीस-बावीसचा असेल. शर्टाची वरची दोन बटणं उघडी, चपला घासत चालायचा. ‘शेठ’ एवढंच म्हणायचा. वडील गल्ल्यातून पैसे काढायचे आणि शेंगदाण्याच्या पोत्यावर ठेवायचे. कधी त्याच्या हातात दिले नाहीत. तो ते उचलायचा. आम्ही भावंडं घरी त्या पोराची नक्कल करायचो. चप्पल घासत यायचं, ‘शेठ’ म्हणायचं. आई हसायची. वडीलसुद्धा हसायचे. मग एका रात्री माझ्या धाकट्या भावाने वडिलांची नक्कल केली. गल्ला उघडला, इकडे तिकडे पाहिलं, पैसे पोत्यावर ठेवले. हुबेहूब केली. वडील ताटावरून उठले.

वडील वारल्यावर दुकानाच्या वह्या मी चाळल्या. दर महिन्याला एक ओळ होती, ‘गणपती ५०’. चैत्रात गणपती, आषाढात गणपती, माघात गणपती. पुढे ‘गणपती १००’. त्या माणसाने आपल्या वहीत कधी ‘हप्ता’ हा शब्द लिहिला नाही.

म्हणून तुमच्या पत्रातला ‘हप्त्याची पावती’ हा विनोद वाचताना मी थांबले. तुमच्या प्रहसनात गुंड आहे, साहेब आहे, कारकून आहे. पैसे देणारा मात्र कुठेच नाही. पावतीवर नाव कुणाचं? ते कोऱ्या जागेत आहे. तुमच्या शेजारच्या बाईंनी तो सारांश वाचला तेव्हा त्या कोऱ्या जागेत त्यांना कोण दिसलं असेल, हा प्रश्न मी तुम्हाला विचारते. उत्तर मला ठाऊक नाही. ते तुम्हीही गृहीत धरू नका.

पण कोकुराचं काय झालं हे माहीत करून घ्या. कोकुरा म्हणजे किताक्यूशू शहराचा भाग, आणि तिथे कुदो-काईचा अंमल होता. इतर मोठ्या टोळ्या निदान बाहेरून तरी ‘सामान्य लोकांना हात लावायचा नाही’ असं म्हणायच्या. कुदो-काईने ते म्हणणंही सोडलं होतं. २००३ साली कोकुरातल्या एका क्लबमध्ये हातबॉम्ब टाकला गेला, कारण तिथला चालक टोळीहटाव मोहिमेत पुढे होता. तिथे काम करणाऱ्या अनेक जणी जखमी झाल्या. २०१२ साली फुकुओका प्रांताने नवी पद्धत आणली. बार आणि हॉटेलांनी दारावर ‘टोळीच्या सदस्यांना प्रवेशबंदी’ अशी अधिकृत पाटी लावायची. पाटी असलेल्या दुकानात टोळीवाला शिरला तर त्याच्यावर कारवाई. ऑगस्टमध्ये पाट्या लागल्या. त्यानंतरच्या काही आठवड्यांत पाटी लावलेल्या दुकानांच्या लोकांवर चाकूहल्ले झाले. त्यात बार चालवणारी एक स्त्री होती, आणि तिला घेऊन आलेला टॅक्सीचालकही. अनेकांनी पाट्या उतरवल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कुदो-काई ही ‘विशेष धोकादायक’ म्हणून जाहीर झालेली देशातली एकमेव टोळी ठरली.

दारावर पाटी लावायची की नाही, हा निर्णय एका छोट्या बारमध्ये दोघी बहिणींनी मिळून कसा घेतला असता, याचा विचार करा. लावली तर रात्री दुकान बंद करून घरी जायचं आहे. नाही लावली तर पोलीस येऊन विचारणार, का लावली नाही. तुमच्या शेजारणी तेव्हा कोकुरात होत्या की आधीच तोक्योला आल्या होत्या, हेही आपल्याला माहीत नाही. पण त्या गावच्या, त्या धंद्यातल्या माणसाला ‘याकुझा नियमन खातं’ ही केवळ कल्पना वाटणार नाही. त्यांनी ते खातं दारावरच्या पाटीच्या रूपात पाहिलेलं असू शकतं.

‘जपान्यांना विनोद कळत नाही’ हे तुमच्या मित्रांचं वाक्य मला मनापासून खटकलं. परदेशात राहणारे आपले लोक हे वाक्य फार सहज बोलतात, देश बदलला की फक्त नाव बदलतात. याकुझांवर जपानी माणसांनीच हसवणारं काम केलंय आणि त्याची किंमतही मोजलीय. दिग्दर्शक जुझो इतामी यांचा ‘मिन्बो’ हा चित्रपट १९९२ च्या मे महिन्यात आला, कायदा लागू झाल्यावर अडीच महिन्यांनी. एका हॉटेलाला टोळी कशी पिळते आणि एक वकील बाई हॉटेलच्या घाबरट कर्मचाऱ्यांना तिच्यापुढे उभं राहायला कसं शिकवते, अशी ती गोष्ट. त्यात टोळीवाले रुबाबदार नाहीत, आरडाओरडा करणारे, सापळ्यात अडकणारे, हास्यास्पद लोक आहेत. चित्रपट लागून आठवडा व्हायच्या आत इतामींवर त्यांच्या घराजवळ टोळीच्या माणसांनी हल्ला केला आणि त्यांचा चेहरा चाकूने कापला.

ही गोष्ट मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. निशी-कासाईच्या सभागृहात गणपतीच्या कार्यक्रमाला कुणी चाकू घेऊन येणार नाही. ती सांगते ती त्या चित्रपटाच्या रचनेसाठी. इतामींनी कॅमेरा हॉटेलच्या काउंटरच्या आतल्या बाजूला ठेवला. घाम फुटलेला व्यवस्थापक, पैसे देऊन मोकळं व्हावं असं वाटणारा मालक, हे त्यांचे नायक. प्रेक्षक हसला तो भीती ओळखीची वाटली म्हणून, आणि मग तीच भीती हळूहळू उतरताना दिसली म्हणून. टोळीला झोंबलं ते हेच.

आणखी एक गृहीतक तुमच्या पत्रात ओझरतं आलंय. ‘तसे ते लोकांना मदतही करतात म्हणे’ असं तुमचं एक पात्र म्हणतं. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर यामागुची-गुमीने अन्न-पाणी वाटलं, हे खरं आहे. आपल्याकडेही ‘भाईने गल्लीतल्या पोरीचं लग्न लावून दिलं’ अशा कथा असतात. पण ते पैसे ओशिबोरीच्या बिलातून आलेले असतात, हे ते वाक्य म्हणणाऱ्या पात्राला कुणीतरी रंगमंचावर सांगायला हवं. ते वाक्य ठेवा, पण त्याला उत्तर लिहा.

तुम्ही असंही लिहिलंय की ‘बंदीच का घालत नाहीत, एवढे नियम कशाला’. प्रश्न प्रामाणिक आहे. आपल्या मकोकात, म्हणजे महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात, संघटित गुन्हेगारी टोळीचा सदस्य असणं हाच गुन्हा आहे. त्याला किमान पाच वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. जपानमध्ये टोळीचा सदस्य असणं हा स्वतःच गुन्हा नाही. तिथल्या संविधानाचं २१ वं कलम संघटना करण्याचं स्वातंत्र्य देतं, आणि युद्धापूर्वीच्या काळात सरकारने संघटना चिरडल्याची आठवण ताजी होती. म्हणून त्यांनी दुसरा रस्ता धरला. टोळीला बेकायदा ठरवण्याऐवजी समाजाने तिच्याशी व्यवहार बंद करायचे. फुकुओकाने २०१० मध्ये पहिल्यांदा असा सर्वंकष स्थानिक नियम लागू केला आणि ऑक्टोबर २०११ पर्यंत सगळ्या ४७ प्रांतांत तो आला. तुम्ही घर भाड्याने घेताना, बँक खातं उघडताना, मोबाइल घेताना ‘मी टोळीचा सदस्य नाही’ अशा मजकुरावर सही केलीय. आठवत नसेल, पण केलीय. ती सही म्हणजेच तुमचं नियमन खातं.

त्याचा परिणाम झाला. १९६३ साली टोळ्यांत सुमारे १,८४,००० माणसं होती. २०२४ च्या अखेरीस ती १८,८०० वर आली आणि त्यातली निम्म्याहून अधिक पन्नाशी ओलांडलेली आहेत. पेन्शनचा तुमचा विनोद इथे येऊन थांबतो. सदस्याला सरकारी निर्वाह-साहाय्य मिळत नाही. टोळी सोडली तरी पाच वर्षं बँक, घरमालक त्याला टोळीवालाच धरतात. पगार जमा व्हायला खातं नाही, म्हणून नोकरी नाही, म्हणून परत टोळी किंवा तुरुंग. या नियमांवर मला खरोखर राग आहे तो इथेच. लोकांचं रक्षण करणारा नियम आणि सुधारू पाहणाऱ्याला दारात अडवणारा नियम एकाच कागदावर छापलाय. अलीकडे पोलिसांनीच बँकांना सांगायला सुरुवात केलीय की खरोखर बाहेर पडलेल्याला खातं उघडू द्या. सरकारी खात्यावर टीका करायचीच असेल तर इथे करा. कापलेल्या करंगळीच्या हाताने खिडकीपाशी उभा असलेला साठीचा माणूस आणि ‘अजून दोन वर्षं चार महिने बाकी आहेत’ म्हणणारा कारकून. हा प्रसंग लिहिलात तर लोक हसतील आणि मधेच गप्पही होतील.

दुसरीकडे आणखी एक वार समाजावरच पडतो. हप्ता देणाऱ्या दुकानदारालाही नियम दोषी धरतो. तोक्योने २०१९ मध्ये नियम कडक केला. गिन्झा, शिबुया, शिंजुकू अशा काही भागांत हप्ता देणाऱ्यालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. स्वतःहून पोलिसांना सांगितलं तर शिक्षा कमी किंवा माफ होऊ शकते. म्हणजे माझे वडील तोक्योत असते तर त्यांची ‘गणपती ५०’ची वही पुरावा झाली असती. हे बरोबर की चूक, यावर मी बरेच दिवस स्वतःशी भांडलेय. आज मला वाटतं की ‘देऊ नका, नाहीतर तुम्हालाही शिक्षा’ हे वाक्य दुकानदाराला एक सबब देतं. ‘मला द्यायचे नाहीत’ म्हणायची छाती नसते. ‘दिले तर मी आत जाईन’ हे म्हणता येतं. पण हे तेव्हाच चालतं जेव्हा पोलीस रात्री दोन वाजता त्याच्या दुकानापासून घरापर्यंत सोबत येतात. कितीही नियम केले तरी मधला तो अंधारा रस्ता माणसाला एकट्यालाच चालायचा असतो.

आता तुमच्यासारखेच प्रश्न असलेल्या इतरांसाठी थोडं. जपानमधून मला विद्यार्थ्यांची आणि छोटी भारतीय रेस्टॉरंट चालवणाऱ्यांची पत्रं येतात, म्हणून हे इथेच सांगते. टोळ्या आटल्या तशा नव्या प्रकारच्या टोळ्या आल्या. त्यांना पोलीस ‘तोकुऱ्यू’ म्हणतात, म्हणजे निनावी, सतत बदलणाऱ्या टोळ्या. त्यांना मुख्यालय नाही, पाटी नाही, राजपत्रात नाव नाही. त्या समाजमाध्यमांवर ‘झटपट पैसे, साधं काम’ अशी जाहिरात देतात. आधी ओळखपत्राचा फोटो आणि घरचा पत्ता मागतात, मग त्याच पत्त्याचा धाक दाखवून फसवणुकीचे पैसे आणायला किंवा दरोडा घालायला पाठवतात. असं काही आलं तर ओळखपत्र पाठवू नका. पाठवून बसला असाल तरी पोलिसांकडे जा, त्यासाठी उशीर झालेला नसतो. आणि देश सोडताना ‘तुझं बँक खातं, सिम कार्ड मला दे, एवढे येन देतो’ असं ओळखीतल्या कुणीही म्हटलं तर देऊ नका. खातं विकणं हाच गुन्हा आहे. पुढे त्या खात्यात कुणा म्हाताऱ्या आजीची आयुष्यभराची पुंजी येऊन पडते. रेस्टॉरंटवाल्यांनो, कुणी रुमाल, झाडं, सजावट यांचा आग्रह धरून आला तर तिथल्या तिथे हो म्हणू नका, कार्ड ठेवून घ्या, नाव-तारीख लिहून ठेवा. प्रत्येक प्रांतात टोळीहटाव केंद्र आहे, तिथे सल्ला मिळतो. पोलिसांचा सल्ल्यासाठीचा फोन #९११०, तातडीला ११०.

तर आता तुम्ही. या रविवारी बाईंकडे जा. मुलीला नेऊ नका. ती असली की त्या तिच्याशीच बोलतील आणि तुमचं राहून जाईल. संहिताही नेऊ नका, कागद पुढे आला की त्यांना पुन्हा मत द्यावं लागेल. लिहिल्याबद्दल माफी मागायची गरज नाही. न विचारता, त्या कुठल्या हे माहीत असूनही, तो कागद त्यांच्या हातात ठेवलात, याबद्दल मागा. एवढं वाक्य जपानीत नीट तयार करून जा. मग ‘तुमच्या बारमध्ये तेव्हा कसं होतं?’ असं एकदाच विचारा. त्या म्हणाल्या की नको तो विषय, तर चहा प्या, मुलीच्या शाळेचं बोला आणि या. पुन्हा कधीही विचारू नका, आणि कार्यक्रमातून कोकुराचा प्रत्येक उल्लेख काढा. त्यांच्या मौनाचा अर्थ लावत बसू नका.

त्या बोलल्या तर ऐका. मधे ‘आमच्याकडेही असंच असतं’ म्हणू नका, मला स्वतःला ते टाळायला फार जड जातं. त्यांनी सांगितलेलं काहीही त्यांच्या परवानगीशिवाय नाटकात घालू नका, नाव बदलूनसुद्धा नाही.

नाटकात बदल काय करायचा तो तुम्ही माझ्यापेक्षा चांगला कराल, हसवता येतं तुम्हाला, ते पत्रातूनही दिसतं. माझी एकच सूचना आहे. खात्याच्या खिडकीसमोर रांगेत गुंडांबरोबर एक दुकानदार उभा करा. त्याच्या हातात वही द्या. कारकून विचारेल, ‘हे दर महिन्याला गणपती काय?’ मराठी प्रेक्षकाला ते समजावून सांगावं लागणार नाही. जपानी पाहुण्यांसाठी त्याच जागी ओशिबोरीचं बिल ठेवा. त्या दुकानदाराने काय उत्तर द्यायचं हे तुम्ही ठरवा. तालमीला तुमच्याकडे अजून दोन शनिवार आहेत. भूमिका कुणाला द्यायची असा प्रश्न पडला, तर मंडळातल्या ज्याच्या घरी दुकान होतं त्याला द्या. पैसे कुठे ठेवायचे, हे त्याला शिकवावं लागणार नाही.